रिकाम्या खुर्चीची मंजुरी

स्टॉकहोम, फेब्रुवारी

ती. अल्फहिल्डताईस,

धाकट्या गुनबोर्गचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? (गेला नसेल, तर पाइपही गेलेला नाही असं मी समजते.)

आज मला मनसोक्त मिरवायचं आहे, तेव्हा कॉफी ओतून घे. माझ्या लग्नात तू म्हणाली होतीस की हा तुरे जन्मभर संप करील आणि तुला उकडलेल्या बटाट्यांवर ठेवील. त्याच तुरेला मंत्रालयाचा दरवान दार उघडून देतो. (हे म्हणतात, आधी तुम्ही. तो म्हणतो, छे, आधी साहेब. वारा आत येत राहतो.) मला मात्र कोणी मंत्रीणबाई मानत नाही. आमच्या सरकारी इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत माझी पाळी अजून गुरुवारचीच, आणि ओला टब पुसला नाही तर दारावर चिठ्ठी.

आता खरी हकिकत. सरकारी जंगलातले लाकूडतोडे बिनशेगडीच्या झोपड्यांत कुडकुडतात, म्हणून आपल्या नोरविकची माणसं ह्यांच्याकडे दाद मागायला आली. म्होरक्या आपला यालमार, ह्यांचा संपातला जुना सोबती. ह्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, वेलचीचा पाव उचलला आणि सरळ यालमारच्या शेजारी जाऊन बसले. उभी हयात टेबलाच्या त्याच बाजूला गेलेली, पाय दुसरीकडे वळतीलच कसे! समोर मंत्र्यांची खुर्ची रिकामी आणि तिच्या बाजूला एकटे सचिव. हे बोलायला लागले ते थांबेचनात. थंडीने काळी पडलेली बोटं, रात्री गोठणारे ओले मोजे, सगळं काढलं. यालमार हुशार, तो पाव खात गप्प बसला. शेवटी ह्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि मंत्र्यांनी आजच्या आज उत्तर द्यावं म्हणून गरजले.

सचिव हळूच म्हणाले, "साहेब, ती खुर्ची आपली आहे."

ह्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं होय? मग मंजूर म्हणून लिहा."

हे सगळं मला सचिवांकडून कळलं. घरी येऊन हे फक्त "शेगड्या मिळाल्या" एवढं बोलले आणि सूप मागितलं. ताई, माझा ऊर भरून आला.

तुझी,
गुनबोर्ग

ता. क. अर्थमंत्र्यांचं मात्र पित्त खवळलं. हुकूम मागे घ्या, नाहीतर खुर्ची सोडा, म्हणाले. ह्यांनी खुर्ची सोडली. (शेगड्या तोवर गाडीत चढल्या होत्या.) हे मंत्री झाले तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

आणखी ता. क. सरकारी घर सोडावं लागतंय. तुमची माडीवरची खोली रिकामी आहे का?

शेवटचा ता. क. नोरविकच्या लाकूडगिरणीतल्या लोकांनी ह्यांना पुन्हा पुढारी निवडलंय. सोमवारी बोलणी आहेत, आणि मालकाच्या बाजूने बसणार गिरणीचे कारभारी, म्हणजे आपले भावोजीच. तेव्हा खोलीचं आधी त्यांना विचार. नाही म्हणाले तर ह्यांच्या कानावर घालू नकोस, हे खोलीसुद्धा मागण्यांत घालतील.