आवारातली बारावी मूर्ती

सेंट ब्रेंडन चर्च, कॅलिफोर्निया
जानेवारीतला मंगळवार, दाट धुकं

तीर्थस्वरूप एलेउतेरिओमामांच्या चरणी भाचा आणि धर्मपुत्र क्रेसेन्सिओचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर आटोक्यात आहे ना? तिकडे गावी, आपल्या मिचोआकानात, यंदा थंडी फार पडली असं ऐकतो; पाठवलेला स्वेटर स्वतः घाला, बोकडाला घालू नका (मागच्या वर्षीचा फोटो आम्ही पाहिला). इथे देवाच्या कृपेने एर्मेलिंडा, दोन्ही मुली आणि मी बरे आहोत. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही चर्चच्या किल्ल्या माझ्या हाती देऊन गावी परतलात, त्यातली एकही मी हरवलेली नाही. उलट थोडं जास्तच सापडलं आहे, म्हणून हे पत्र.

तुमच्या वेळची शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली. फादर क्विनलन यांनी ठरवलं की ती पाडायची आणि तिथे अठ्ठावन्न घरं बांधायची, ज्यांना या गावातलं भाडं झेपत नाही त्यांच्यासाठी. चार वर्षं नुसत्या सभा झाल्या. शेजाऱ्यांचा एकच प्रश्न, एवढ्या लोकांच्या गाड्या कुठे लावणार? शेवटी फादर वैतागून म्हणाले, "अहो, ज्यांना घर द्यायचंय ते आज गाडीतच राहतात!" त्यानंतर चिठ्ठ्या टाकून नावं निघाली. मिस्सेची प्रार्थना संपली की चर्चच्या दारात मक्याचे वाफवलेले तमाले विकणारी अंपारोमावशी तुम्हाला आठवत असेल. सत्तर वर्षांची ती बाई दोन वर्षं आपल्या आवारात जुन्या गाडीत झोपते आहे. तिचा नंबर एकोणिसावा लागला आणि त्याच आठवड्यात तिने पडदे आणले, पिवळे, फुलांचे. (खिडकी केवढी असणार हे अजून वास्तुविशारदालाही नक्की सांगता येत नाही.) फक्त एक अट आहे. या महिन्याच्या आत पाया भरला गेला नाही, तर सरकारी मदत दुसऱ्या गावाला जाणार.

गेल्या गुरुवारी सकाळी खोदाई सुरू झाली. धुकं असं की चर्चचा मनोरा कमरेपासून वर नव्हताच. वेड नावाचा धिप्पाड माणूस यंत्र चालवत होता. तो अचानक थांबला, खाली उतरला आणि मातीत बसला. यंत्राच्या दातांत एक हात होता. पांढरा, मनगटापासून तुटलेला, दोन बोटं आशीर्वादासाठी वर केलेली. वेडने पोलिसांना बोलावलं. मी झाडू घेऊन मागे उभा होतो आणि तो हात मी लगेच ओळखला. तो संत अंथोनींचा. नऊ वर्षांपूर्वी धूळ पुसताना ते माझ्याच हातून पडले. (फादरना मी मांजराचं नाव सांगितलं होतं. मांजर आता हयात नाही.)

तुम्हीच शिकवलंत ना मला, की आशीर्वाद दिलेली वस्तू मोडली तर ती कचऱ्यात जात नाही, मातीत जाते? मी इमानेइतबारे तसंच करत आलो. म्हणून पुढे होऊन मी पोलिसाला सांगितलं, "साहेब, हे मीच पुरलेत. एकूण अकरा आहेत. चेहरे पाहिले की नावं सांगतो." (या वाक्यात 'संत' हा शब्द सुरुवातीलाच यायला हवा होता, हे मला बेड्या पाहिल्यावर सुचलं.) फादर धावत आले म्हणून निभावलं. पोलीस जाताना म्हणाला, "काका, यापुढे आधी नाव, मग आकडा."

मग मी आणि वेड दोघांनी फावड्याने हळूहळू सगळे वर काढले आणि शाळेच्या जुन्या बाकांवर ओळीने ठेवले. मामा, मी त्यांना जागा मिळेल तसं ठेवलं होतं, कुणी कुशीवर, कुणी पालथं. ते सगळे उताणे निघाले, आणि एकाच्याही डोळ्यांत माती नव्हती. वेड म्हणाला, या खोऱ्यात विहिरी एवढं पाणी उपसतात की जमीन सरकते. असेल. मी मोजले. बारा झाले.

बारावी एक बाई आहे, लाकडाची, माझ्या छातीएवढी. मुकुट नाही, नाव नाही. चर्चच्या एकाही जुन्या फोटोत ती दिसत नाही. उजव्या हाताची मूठ वळलेली, कडी नसलेलं दार ठोठावताना आपण धरतो तशी. अंगावरचा निळा रंग शाबूत आहे, फक्त बोटांच्या पेरांवरचा झिजून आतलं लाकूड दिसतं. मी तिला पुरलेलं नाही.

एवढ्यात अंपारोमावशी गरम तमाले घेऊन आली, आणि बाकापाशी थांबून म्हणाली, "अगं बाई, ही इथे होय!"

मी विचारलं, "मावशी, तू ओळखतेस हिला?"

"न ओळखायला काय झालं? धुकं असलं की पहाटे माझ्या गाडीची काच वाजवते. ऊठ म्हणते, मिस्सेची वेळ झाली. मला वाटलं, कॉन्व्हेंटमधली सिस्टर असेल."

"अगं, सिस्टर लोक जाऊन तीस वर्षं झाली!"

"मग मला कुणी सांगायचं नाही का? एवढे दिवस मी तिला आत बस म्हणत होते." आणि तिने वेडच्या हातावर एक तमाले ठेवला. वेडने तो खाल्ला नाही.

आता अडचण अशी, की बांधकामाच्या इंजिनियरबाईंना एक कागद हवा आहे. या जमिनीत आणखी काही पुरलेलं नाही, असं माहीतगार माणसाने सही करून द्यायचं. नाहीतर सगळं आवार तपासणार. त्याला चार महिने. म्हणजे घरं गेली. फादरनी मला बाजूला घेऊन विचारलं, "क्रेसेन्सिओ, आणखी कुणी आहे का रे खाली?" मी म्हणालो, मामांना विचारून सांगतो.

मामींना नमस्कार, बोकडाला गोंजारणे.

आपला,
क्रेसेन्सिओ

ता. क. खरं विचारायचं ते हेच. त्या बाईला तुम्ही पुरलंत का? आणि ती एकटीच होती का? शुक्रवारच्या आत औषधवाल्याच्या फोनवरून कळवा. पत्र आज पुतण्याबरोबर विमानाने पाठवतो आहे.

ता. क. २. पुतण्या निघायच्या आत हे लिहितो. त्या बाईची मूर्ती काल संध्याकाळी मी स्वतः कपाटात ठेवून कुलूप घातलं. आज पहाटे पुन्हा धुकं होतं. अंपारोमावशी सांगते, काच वाजली. आणि ती उठून बसली तेव्हा तशीच टकटक गाडीच्या खालूनही आली, जमिनीतून. हे सांगताना ती पडद्यांना दुमड घालत होती. मी चर्चमध्ये गेलो, गुडघे टेकून क्षमा मागितली, आणि कागदावर सही केली. उद्या काँक्रीट येणार. तेव्हा मामा, फोन करू नका. तुम्हाला काही ठाऊक असेलच, तर तिथल्या फादरना कबुलीजबाबात सांगा. ते कुणाला बोलणार नाहीत, आणि मलाही कळणार नाही.