एकट्यासाठी तवा तापत नाही

श्री. माजी व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.) आपली प्रकृती कशी आहे? झोप लागते ना? विहीणबाईंची पाठ आता बरी असेल असं धरून चालतो. त्यांना विहीणबाई म्हणायचं की नाही हाही एक प्रश्नच आहे, त्याकडे मग येतो. इकडे सगळं ठीक. म्हणजे मी दमलोय आणि बाकीचं चालू आहे.

वरचा 'माजी' लिहायला अर्धी सकाळ गेली. नवरा माजी होतो, बायको माजी होते, मंत्री तर होतातच, पण पोरांचा काडीमोड झाल्यावर व्याह्यांचं काय करायचं असतं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. बरं, माझा मुलगा आणि तुमची मुलगी, दोघंही नको इतकी शहाणी. धड भांडलीसुद्धा नाहीत. भांडली असती तर आपल्याला मध्ये पडून चार शब्द सांगता तरी आले असते. समोरासमोर बसून, चहा पीत पीत सामान वाटून घेतलं. कपाट तुमच्याकडे गेलं, मिक्सर आमच्याकडे आला (झाकण तुमच्याकडेच राहिलंय, सहज आठवलं म्हणून लिहिलं), आणि वकील म्हणाला, सगळं कसं छान मिटलं. आपल्या दोघांना कुठल्या खोक्यात भरायचं हे मात्र कुणी विचारलं नाही. दोन्ही घरांत न बोलता ठरलं की आता येणंजाणं बंद. आमच्या हिने त्या दिवसापासून तुमच्या घराचं नाव काढलेलं नाही. दुपारी विहीणबाईंशी बोलताना ती ज्या खुर्चीत बसायची, ती फोनजवळची खुर्ची मात्र कुणाला हलवू देत नाही. मी एकदा हलवली, तर दोन दिवस घरात भांडी आपटत होती.

असो. मी लिहिणार होतो नाश्त्याबद्दल. लग्न ठरत होतं तेव्हा पाहुणे किती बोलवायचे यावरून आपलं जुंपलं होतं, आणि ते मिटवायला म्हणून तुमच्या आणि आमच्या गावाच्या मधोमध, बस बदलायच्या फाट्यावरच्या त्या खाणावळीत आपण पहिल्यांदा बसलो. ऑम्लेट आलं आणि पाहुण्यांचा विषय जो राहिला तो राहिलाच. (म्हणून तर लग्नात जेवण कमी पडलं.) तेव्हापासून दर शनिवारी तुम्ही घरी बँकेचं नाव सांगून निघायचात आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरचं. माझ्या डोळ्यांची इतकी तपासणी झाली आहे की एव्हाना मला भिंतीपलीकडचं दिसायला हवं होतं. पण खोटं बोलून, दीड तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन जावं असंच ते होतं. तो परातीएवढा बिडाचा तवा, लोण्यात तांबूस झालेला कांदा, त्यावर फसफसत पसरलेली अंडी, आणि बाजूला सालासकट परतलेले बटाटे. आपण जिला फौजदारीण म्हणतो ती मालकीण उलथन्याने ताटं वाढायची. कुरकुरीत कड तुम्हाला, मऊ मधला भाग मला, कारण माझे दात. एवढ्या वर्षांत ताटावरून आपल्याला एक शब्द बोलावा लागला नाही. घरात माझं एवढं कुणाशीच जमलेलं नाही.

काडीमोडानंतर काही शनिवार मी घरीच काढले. डोळे अचानक सुधारले म्हणून हिने आश्चर्य व्यक्त केलं. शेवटी राहवेना, गेलो एकटाच. कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी बसलो. फौजदारणीने विचारलं, दुसरे कुठायत? म्हटलं, आता नाही यायचे. तर म्हणाली, मग ऑम्लेट नाही, एकट्यासाठी मी तवा तापवत नाही. आणि कोरडा टोस्ट आणि चहा समोर आदळून निघून गेली. दीड तास जाऊन, दीड तास येऊन मी टोस्ट खाल्ला हो! तो घरीही मिळतो, शिवाय घरी हात लांब करून घेता येतो.

मग म्हटलं, माणूसच पाहिजे ना, माणसं काय कमी आहेत! पुढच्या खेपेला मेहुण्याला नेलं. त्याने ऑम्लेटमधला कांदा एकेक करून वेचून काढला आणि परतीच्या बसमध्ये मला बद्धकोष्ठावर व्याख्यान दिलं. त्यानंतर आमच्या गल्लीतला शिंपी. भला माणूस, पण त्यालाही दातांचा त्रास. आम्ही दोघांनी मधला भाग आधी एकमेकांना आग्रह करकरून वाढला आणि नंतर एकमेकांच्या ताटातून ओढला. कड तशीच राहिली. ताटाच्या काठाला ती उरलेली कड बघून माझे डोळे भरून आले. शिंप्याला म्हटलं, कांद्यामुळे होतं असं. तो म्हणाला, परतलेल्या कांद्याने? हल्ली शिंपीसुद्धा उलटतपासणी घेतात.

फौजदारीण हे सगळं बघत होती. पैसे देताना म्हणाली, नवेनवे कशाला आणता, एकालाही धड खाता येत नाही. जुने आणा. मी सांगितलं, बाई, ते आता माझे कुणी लागत नाहीत. यावर ती बाई काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "कोण लागतात ते मी कधी विचारलं? दोन माणसं आहेत का, एवढंच विचारते मी." आणि गेली बटाटे परतायला. मी बस येईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिलो. फार वाईट वाटलं, व्याहीबुवा. उगाच कशाला लपवू?

तर तुम्ही यावं म्हणून मी हे लिहितोय असा गैरसमज करून घेऊ नये. मुळीच येऊ नका. रस्ता उखडलाय, बसच्या खिडक्या बंद होत नाहीत, बटाटेही पूर्वीचे राहिले नाहीत. शिवाय तुमच्या लेकीला कळलं तर तिला वाईट वाटेल आणि माझ्या लेकाला कळलं तर तो काहीच बोलणार नाही, ते आणखी वाईट. आता या वयात कुठे नसत्या उठाठेवी करायच्या! घरीच बसा. मीही बसतो.

आपला
(कोण, ते तुम्हीच ठरवा)

ता. क. मिक्सरचं ते झाकण. ही सध्या वर ताटली दाबून मिक्सर चालवते, त्यामुळे टोमॅटो छतावर गेलाय आणि तो काढायला मला स्टुलावर चढावं लागतं. या वयात मी स्टुलावरून पडावं अशी तुमची इच्छा नसेल तर येत्या शनिवारी झाकण घेऊन फाट्यावर या. पोस्टाने पाठवू नका, फुटेल.

आणखी एक. झाकण बाजारात कुठेही मिळतं, हे मला माहीत आहे. तुम्हालाही आहे. तरी या.

शेवटचं. पाकीट शोधायला उठलो आणि परत येऊन बघतो तर वरच्या 'व्याहीबुवा'आधीचा 'माजी' कुणीतरी खोडलाय. मी नाही खोडला, आणि घरात आम्ही दोघंच असतो. इतकंच नाही, समासात बारीक अक्षरांत विहीणबाईंना उद्देशून काही लिहिलंय. चष्मा लावून वाचलं. विचारलंय, की त्या बाईकडे चौघांचा तवा आहे का.