कडेला लिहिलेलं

पाचोरा, ३ मार्च १९९२

प्रिय अहो,

नाव घालून लिहिलं असतं, पण पत्र आत्याबाईंच्या हाती लागलं तर दोन दिवस घरात तोच विषय. आधी खाटेवर बसा, मग वाचा.

तुमचं पत्र काल आलं. साक्री डेपोने गाडी काढून घेतली, ड्रायव्हर असून नुसतं बाकावर बसवून ठेवलंय, आणि सोमवारी चौकशी. सगळं एका बाईने तक्रारवहीत लिहिलं म्हणून, आणि तिचं नावही डेपो सांगत नाही. ती भवानी समोर आली तर बघून घेईन म्हणता. बघालच.

मुलं बरी आहेत. धाकटी ताट फिरवत बाबाची गाडी चालवते, मला ते बघवत नाही. कालपासून चित्त थाऱ्यावर नाही. दोनदा भाकर करपली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, तुनं ध्यान कोठे शे? काय सांगणार त्यांना.

आठवतं, लग्नानंतर तुम्हीच म्हणाला होतात, पत्रात कोरी जागा सोडायची नाही? तेव्हापासून निळं अंतर्देशीय पत्र भरलं की मी चारही कडांना आडवं लिहिते. मध्ये घरचं रडगाणं, कडेला मनातलं. तुम्ही कडा आधी वाचता, हे मला ठाऊक आहे. त्याचा मला केवढा तोरा होता!

मागच्या आठवड्यातली गोष्ट. धुळे-साक्री गाडी, बाजाराची गर्दी. नेरच्या अलीकडे ड्रायव्हरने निळं पत्र स्टीअरिंगवर पसरलं. कड वाचायची म्हणून दोन्ही हातांनी फिरवलं, आणि समोर गवताचा भारा घेतलेली म्हातारी. ब्रेक असा लागला की माणसं एकमेकांवर पडली. भारा रस्त्यावर, म्हातारी वीतभर अंतरावर थरथरत उभी. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, कागद मोठा शे का मना जीव?" ड्रायव्हर ओशाळला, पत्र खिशात घातलं. चला, शहाणा झाला म्हणावं, तर मैलाचा दगड मागे पडतो न पडतो तोच पुन्हा बाहेर काढलं.

हे तुला कोणी सांगितलं, म्हणाल. कोणी नाही. तुमच्या पाठीमागच्या जाळीला धरून मीच उभी होते, पदर पुढे ओढून. साक्रीला उतरून तुम्हाला चकित करायचं होतं. पिशवीतल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा भुगा झाला. पत्र माझं आहे हे दिसलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. त्या आनंदाची अजून लाज वाटते. नेरला उतरले, उलट गाडीने धुळे स्टँडवर आले आणि तक्रारवही मागून घेतली. सासरचं नाव लिहायला हात धजला नाही, म्हणून माहेरचं लिहिलं. बोलावणंही माहेरीच आलंय. सोमवारी येते आहे. साक्ष फिरवणार नाही. नोकरी गेली तर दोघं मिळून राबू, पण तुमच्या हातून कोणी गेलं, किंवा तुम्हीच गेलात, तर मी कोणाला लिहू? रागवा हवं तर. पण स्टँडवर घ्यायला या. या वेळी कडा कोऱ्या ठेवल्या आहेत. तिथलं सगळं तोंडानेच सांगेन.

तुमचीच,
प्रमिला