पान तीसलाच ओळखलेला खुनी

५ ऑक्टोबर, रविवार
विहारातल्या वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीत एक जागा रिकामी झाली. ग्रंथपाल रंगनाथ सर म्हणाले, ज्याला यायचंय त्यानं दोन नोव्हेंबरच्या सभेत नव्यानं वाचलेल्या पुस्तकांवर प्रामाणिक मत मांडावं, मग लोक हात वर करून ठरवतील. म्हणजे जागा माझीच. अख्ख्या नगरात माझ्याइतका परखड वाचक नाही. असलाच तर मला भेटलेला नाही.
संकल्प: रोज पन्नास पानं. कंपनीच्या बसमध्ये सुप्याला जाताना पंचवीस, येताना पंचवीस.

७ ऑक्टोबर
जाताना झोप लागली. येतानाही. खिडकीची सीट वाचनाला घातक.

९ ऑक्टोबर
'सातव्या खोलीचं कुलूप'. रहस्यकथा. खुनी पान तीसलाच ओळखला. माळी!
त्याच पानावर समासात कुणीतरी पेन्सिलनं 'खुनी माळी आहे' असं लिहून ठेवलंय, ती गोष्ट वेगळी. आपल्या वाचनालयात ही खोडच आहे लोकांना. स्वतःचं वाचून झालं की पुढच्याची मजा घालवायची. लई राग येतो. पण मला माळ्याचा संशय आधीपासूनच होता, त्याच्या चपलांवरून. शेवटचं पान उघडून खात्री केली. माळीच. मग मधलं वाचायचं कशाला?
यशोधराला ऐटीत सांगितलं. तिनं हे पुस्तक आधीच वाचलंय. म्हणाली, माळी तर पूर्ण पुस्तकभर अनवाणी फिरतो. बायकोला नको तिथे तपशील काढायची सवय आहे.

१५ ऑक्टोबर
'नीलगडाचा अग्निसर्प'. कल्पनारम्य कादंबरी. सुरुवातीलाच दोन पानी नकाशा, त्यात सुपा ते नगर एवढं अंतर कापायला राजपुत्राला पाच प्रकरणं लागतात. प्रामाणिक मत: लेखकानं कधी स्टोअरमध्ये काम केलेलं नाही. गुहेत एवढं सोनं पडलंय, आवक-जावक नोंद नाही, गेटपास नाही. दहा हजारांचं सैन्य महिनाभर डोंगरावर, आणि धान्याचं एक पोतं वर चढताना दिसत नाही. मी स्टोअरकीपर आहे, मला हे पटूच शकत नाही.
तरी पूर्ण वाचलं. सर्प शेवटी एकटा उरतो तिथे जरा गलबललं. बसमध्ये धूळ फार येते.

२१ ऑक्टोबर
सुट्टी. दिवसभर वाचणार होतो. सासरची मंडळी आली. चिवडाही आला. वाचताना चिवडा खाल्ला तर पानं तेलकट होतात, म्हणून वाचन थांबवलं.

२५ ऑक्टोबर
'दारामागचा शिंपी' यशोधरानंच आणून दिलं. म्हणाली, माझं वाचून झालंय, लई भारी आहे, बघा ओळखता का. बघा म्हणे!
पान तीस. 'खुनी डॉक्टर.' पेन्सिलच. मलाही डॉक्टरच वाटत होता, माणूस जरा जास्तच गोड बोलतो. या वेळी शेवटचं पानसुद्धा पाहिलं नाही. आता त्याची गरज राहिलेली नाही. पुस्तक मिटलं आणि भाषणाच्या तयारीला लागलो.
यशोधरा दोनदा म्हणाली, अहो, पुढचं वाचा तरी. हिला माझी बुद्धी अजून कळलेली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
सभा. हॉल भरलेला. पांढरा शर्ट, इस्त्री स्वतः केली.
अग्निसर्पावर बोललो. गेटपासच्या मुद्द्यावर लोक पोट धरून हसले. रंगनाथ सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. सर्प एकटा उरतो ते सांगताना मागचे लोक पुढे सरकून ऐकू लागले. टाळ्या पडल्या. तिथेच खाली बसलो असतो तर बरं झालं असतं.
पण मी 'दारामागचा शिंपी'कडे वळलो. म्हणालो, डॉक्टर खुनी आहे हे मी पान तीसलाच ओळखलं आणि बाकीच्या पुस्तकातही तो लपू शकला नाही.
पुढच्या रांगेतून रतनमावशी, निवृत्त शिक्षिका, शांतपणे म्हणाल्या, "प्रवीण, पहिला खून डॉक्टरचाच होतो. पान चाळीसला."
पुढचं नीट आठवत नाही. हसणं बराच वेळ चाललं.
समितीत यशोधरा. तिचं नाव रतनमावशींनी सुचवलं. मीही हात वर केला, घरातलं मत फुटू नये म्हणून.
घरी येताना तिला म्हणालो, कुणीतरी मुद्दाम खोटं लिहून माझा घात केला. ती म्हणाली, "मीच लिहिलं होतं. वाटलं, पान चाळीसपर्यंत तरी जाल."
तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. तिनं पिठलं केलं. बोललो.

४ नोव्हेंबर
समितीच्या पुढच्याच बैठकीत माझ्यासाठी खास पद निर्माण झालं. रहस्यकथांमधली पेन्सिल पुसायची. म्हणजे एक प्रकारे संपादनच. खोडरबर समितीचा.

१६ नोव्हेंबर
पुसताना नजर पडतेच. पुसायला घेतलेल्या पहिल्याच पुस्तकात 'खुनी वकील' होतं. ओळखलंच होतं मी. पण यशोधरानं लिहिलेला तो डॉक्टर आठवला, विश्वास बसेना. म्हणून या वेळी पुस्तक सगळं वाचून काढलं, अगदी शेवटच्या पानापर्यंत.
लेखकानं शेवटी नाव सरळ लिहिलेलंच नाही, नुसत्या खुणा. खुनी कळला नाही. यशोधराला विचारावं लागलं.
वकीलच होता.