वंदनाताईंचा परिच्छेद

मंगळवार, संध्याकाळ

कोन गावाहून येणाऱ्या वंदनाताई आज माझ्या इंग्रजीच्या क्लासला आल्या नाहीत. चूक माझीच. 'या आठवड्यात मी काय शिकले' हा त्यांचा इंग्रजी परिच्छेद इतका सफाईदार, की गेल्या तासाला मी सगळ्यांसमोर विचारलं, "नेटवरून उतरवलंत ना?"

"नाय मॅडम, मीच लिवलंय," एवढंच म्हणाल्या.

आज त्यांच्या ऑनलाइन फाइलमधले जुने मसुदे उघडले. अकरा! मीच सुचवलेल्या व्याकरणाच्या वेबसाइटवर बघून एकेक क्रियापद दुरुस्त केलेलं. अकरा वेळा. हे आधी का नाही पाहिलं मी?

फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे मॅडम. इंग्रजीची भीती जरा कुठं गेली व्हती, ती परत बसली."