इस्तारीची हजेरी

प्रेमिला वहिनी,

वयानं मी मोठा, तरी आज आधी मीच हात जोडतो.

तुमचा घरधनी, आमचा इस्तारी वारला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तुम्ही सावली गावाले माजी सैनिक संघाच्या बैठकीले आल्या होत्या. मी हजेरी घेऊन राह्यलो होतो. सवयीनं त्याचं नाव तोंडातून गेलं, अन् मागून तुम्ही म्हणाल्या, "हाजिर." मंग मासोळ्या विकून आणलेले पन्नास रुपये त्याची वर्गणी म्हणून समोर ठेवले. म्हातारे जवान डोळे पुसाले लागले. खजिनदार मी, मी पावती फाडली.

वहिनी, संघाचा नियम उलटा हाये. मेलेल्या जवानाचं नाव कापाचं अन् त्याच्या बायकोले महिन्याले पाचशे रुपये द्याचे. तो नियम वाचलेला मी एकटाच. तवा पेटीत पैसे नव्हते, म्हणून गप्प राह्यलो. पुढं देणगी आली, तर कार्यालयावर टिना टाकल्या, पंखे लावले. तुमाले द्यायले गेलो असतो, तर मागचं लपवलेलंही सांगा लागलं असतं.

नऊ वर्षं झाली, तुम्ही त्याची वर्गणी भरूनच राह्यल्या. त्याच पंख्याखाली बसून तुम्ही म्हणता, "भाऊ, तुमच्यामुळं त्याईचं नाव जिवंत हाये."

हे तिसरं पत्र. आधीची दोन चुलीत गेली, हेही जाईल.

उद्या बैठक हाये. मी इस्तारीचं नाव पुकारीन, तुम्ही उठून उभ्या राहाल, अन् मी खाली मान घालून पावती फाडीन.

तुमचा गुन्हेगार,
लटारू, खजिनदार