पत्र्याखालच्या मुली

आई, बरीच वर्षं झाली, मी समुद्राकाठी असते आणि कासवांच्या अंड्यांवर मांडव घालते. मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. पिल्लू किती दणकट होईल यात आईबापाचा वाटा असतो, पण नर की मादी हे वाळू ठरवते. तापली तर माद्या, गार राहिली तर नर. अलीकडे वाळू फार तापते, माद्याच निघतात. म्हणून मी घरट्यात तापमापी खुपसते आणि वर नारळाच्या झावळ्या टाकते. मुलगे व्हावेत म्हणून सावली करायची, ही माझी नोकरी. एका घरट्यातल्या पिल्लांचे बाप कधीकधी दोन-तीन निघतात. आजी हयात असती तर तिला मी हे सांगितलं नसतं. तू असतीस तर तुला सांगितलं असतं.

लातूर जिल्हा नवा झाला आणि नानांची तिथे बदली झाली. कचेऱ्यांना पाट्या होत्या, खोल्या नव्हत्या. आपल्याला पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. दुष्काळ होता, टँकर चार दिवसांनी यायचा, आणि दुपारी पत्रा इतका तापायचा की झोळीतलं बाळ ओट्याखाली ठेवावं लागे. ते बाळ म्हणजे तुझी तिसरी मुलगी. तिच्या बारशाला आजी आली ती राहिलीच. भोकरला नात्यातली एक मुलगी तिने नानांसाठी बघून ठेवली होती आणि हे ती तुझ्यासमोर भाजी निवडताना सांगत असे. सरकारी नोकराला दुसरी बायको चालत नाही, असं नाना म्हणत. नको, असं म्हणत नसत.

तू तेव्हा पत्र्याकडे बोट दाखवलंस. इतक्या धगीत मुलगी न्हाई तर काय होणार, असं तू अगदी सहज म्हणालीस. आजीने मान वर करून पत्रा पाहिला. गावाकडे माळवदाच्या घरात, मातीच्या गार छताखाली, तिला चार मुलगे झाले होते. तिला ते पटलं. भोकरचा विषय मागे पडला आणि नाना सायकलवरून माळवदाचं घर शोधत फिरू लागले.

मी नववीत होते. विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा आला आणि मी तो नाना जेवत असताना मोठ्याने वाचला. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पत्र्याचा संबंध नाही. मला वाटत होतं, मी तुला सोडवते आहे. आजी म्हणाली, "पुस्तक बी पत्र्याखालीच वाचायलीस न्हवं." पण नानांचा घास हातातच राहिला. तू भाकरी थापताना मागे न बघता आजीला म्हणालीस, "ते थंड मुलखातल्या माणसांचं हाय, आत्याबाई." नाना जेवू लागले.

मग तू मला दंडाला धरून न्हाणीत नेलंस. पिठाची पाच बोटं माझ्या दंडावर उमटली.

"नर्सबाईनं मला मागंच सांगितलंय ते."

"मग तू सांगत का न्हाईस?"

"तुझ्या नानाचा दोष निघाला तर आत्याबाई नानाला बदलतील का? पत्र्याचा असू दे. पत्रा बदलता येतो."

घर बदललं. पुढच्या वर्षी चौथी मुलगी झाली. आजी सत्तरीची, शिडीवरून माळवदावर चढली आणि मातीचा थर वितीने मोजून आली. खालून तू विचारलंस, "पातळ पडला काय, आत्याबाई?" पातळच पडला होता. दोन गाड्या माती टाकायचं ठरलं. पण दुष्काळात चिखल करायला पाणी कुठलं. पावसाळ्यापर्यंत थांबायचं ठरलं, आणि तेवढ्यात भोकरच्या मुलीचं लग्न झालं. पुढे तिलाही दोन मुली झाल्याचं कळलं. तिच्या घरावर कसलं छत आहे, याची आजीने पत्र पाठवून चौकशी केली.

किनाऱ्यावर विद्यार्थी येतात तेव्हा हे मी त्यांना सांगते. आईची समजूत म्हणून सांगते. ते हसतात. तुला सगळं ठाऊक होतं, हे सांगत नाही. सांगितलं तर हसणं थांबेल, असं वाटतं.

आणखी एक. माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी सासूबाई इथे किनाऱ्यावर आल्या. बाळ मांडीवर घेऊन त्यांनी अगदी मायेने विचारलं, पुन्हा मुलगीच कशी गं झाली? नवरा दारात दुपटी घेऊन उभा होता. हा विषय मी बारा वर्षं शिकवत होते. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, इथली वाळू फार तापते. सासूबाईंना लगेच पटलं. विद्यार्थ्यांना माझं इतक्या लवकर कधी पटलेलं नाही. नवऱ्याने दुपट्यांच्या घड्या घातल्या, उघडल्या, पुन्हा घातल्या. आजवर त्याने तो विषय काढलेला नाही. मीही नाही.

तुझा पत्ता असता तर हे शेवटचं मी लिहिलं नसतं.